जैसलमेर ते बारमेर: वाळू सोडून काय काय बघाल?

पायवाट

जैसलमेरला जाऊन आलेल्या दहा जणांचे फोटो एकत्र मिसळले तर कोणाचे कुठले ते ओळखता यायचं नाही. सोनेरी किल्ला, पटव्यांची हवेली, समच्या वाळूत उंटावर बसून हलवलेला हात, रात्री तंबूंसमोर कालबेलिया नाच. त्यात वाईट काही नाही, उंटावर आम्हीही बसलो. पण यंदा गाडी आमची होती, घाई नव्हती आणि आमच्या नवऱ्याला रस्त्याकडेला जरा वेगळा दगड दिसला की ब्रेक मारायची सवय आहे. त्यामुळे जैसलमेर ते बारमेर या साधारण १५५ किलोमीटरच्या पट्ट्यात आजूबाजूला भरपूर हिंडणं झालं. हिंडून आल्यावर माझं मत असं झालंय की थरमध्ये वाळूला उगाच भाव मिळतो. बघायचे ते दगड, आणि बघायचं ते पाणी कुठे, कसं अडवलंय.

आधी आकल. जैसलमेरहून बारमेरच्या रस्त्याला लागलं की १७ किलोमीटरवर फाटा येतो. लाकडाच्या जीवाश्मांचं उद्यान आहे, साधारण २१ हेक्टरांचं. उद्यान म्हटल्यावर हिरवळ डोळ्यांपुढे आणू नका, उघडा खडकाळ माळ आहे. आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं हिरमोड होतो, कारण समोर दिसतात पत्र्याचं छप्पर घातलेली लोखंडी खुराडी. वाकून जाळीतून आत बघायचं. आत खोड आडवं पडलेलं असतं. विटकरी, तपकिरी, मधूनच पिवळट. सालीच्या उभ्या भेगा, फांदी फुटली होती तिथली गाठ, चिरफळलेलं टोक, सगळं जागच्या जागी. जाळीबाहेर विखुरलेल्या एका तुकड्यावर बोट फिरवलं तर लाकडाच्या रेषा हाताला लागतात आणि बोटाला गारवा दगडाचा. वय १८ कोटी वर्षं. सगळ्यात लांब खोड १३ मीटरच्या वर भरतं. आम्ही होतो तेवढ्या वेळात एक कुटुंब येऊन गेलं. "झाडं कुठायत?" असं रखवालदाराला विचारलं आणि त्याने पिंजऱ्याकडे बोट दाखवल्यावर पाण्याची बाटली विकत कुठे मिळेल ते विचारून निघून गेले.

मग कुलधरा आणि खाबा, पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेली दोन गावं. कुलधरा आता पुरेसं प्रसिद्ध आहे, गेटवर तिकीट, आत रील बनवणारी मंडळी. तिथे अर्धा तास पुरे. तिथून पुढे खाब्याला जा. टेकाडावर लहानसा किल्ला, त्यात दगडांचं आणि जीवाश्मांचं छोटं संग्रहालय, आणि कठड्यावरून खाली पाहिलं की पालीवालांचं अख्खं ओसाड गाव. छपरं गेलीत, भिंती उभ्या आहेत, त्यामुळे वरून प्रत्येक घराचा नकाशाच दिसतो. ओसरी कुठे, चौक कुठे, गोठा कुठे. सकाळी गेलात तर मोर पुष्कळ.

पण मला खाब्याहून जास्त आवडलं ते त्या बाजूचं खडीन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उजाड खडकाळ जमीन आणि मध्येच एकदम हिरवागार हरभरा! आधी वाटलं बोअर असणार. शेतात एक म्हातारबाबा होते, त्यांनी नवऱ्याला बांधावर नेऊन सगळं समजावलं. आजूबाजूच्या खडकाळ उतारावर पडलेला पाऊस वाहत सखल भागात येतो, खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून तो अडवायचा, जास्तीचं पाणी सांडव्यातून सोडून द्यायचं. पावसाळाभर तळं. पाणी जिरलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच ओल्या मातीत गहू नाहीतर हरभरा पेरायचा. नंतर एक थेंब पाणी द्यायचं नाही, पीक निव्वळ ओलीवर येतं. वर्षाला जेमतेम १५० ते २०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात गहू! ही युक्ती पालीवालांची, पंधराव्या शतकापासूनची. बाबांनी जाताना हरभऱ्याचे डहाळे हातात कोंबले, पैसे घेतले नाहीत.

लोद्रव्याला धावती भेट झाली. ११५६ साली जैसलमेर वसलं, त्याआधीची भाटी राजांची राजधानी ती हीच. आता तिथे पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि त्यापुढचं कोरीव दगडी तोरण. तोरण मात्र नीट बघण्यासारखं आहे.

आणि शेवटी किराडू, जुन्या देवळांचे अवशेष. बारमेरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटर, मुनाबावच्या दिशेने. त्यावर लिहायला बसले तर पहाट होईल, म्हणून तूर्त इतकंच की सोमेश्वर मंदिराच्या जोत्याभोवती उकिडवं बसून एक फेरी मारा. हत्तींचा थर, त्यावर घोड्यांचा, त्यावर माणसांचा. माणसांच्या थरात लढाया आहेत, वाजंत्री आहेत.

कोणी या भागात आणखी काही पाहिलं असेल तर लिहा. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचा बेत आहेच.

निवांत

मस्त! पुण्याहून थेट गाडीने? रस्ता कुठला घेतलात आणि लहान गाडी चालेल का?

पायवाट

@निवांत, अहमदाबादला मुक्काम, मग मेहसाणा, डीसा, सांचोर करत बारमेर. अहमदाबादपर्यंतचा वैताग आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेच, पण डीसा सोडलं की रस्ता असा काही मोकळा होतो की मुंबई-पुणे चालवणाऱ्याला संशय येतो. आमची साधी हॅचबॅक होती. वर लिहिलेलं सगळं डांबरी रस्त्यावरचं आहे.

गारगोटी

वा, आकलवर मराठीत कोणीतरी लिहिलं! भूशास्त्राचा विद्यार्थी असताना आमची सहल तिथे गेली होती, तेव्हा ही छपरंही आतासारखी नव्हती. थोडी भर घालतो.

ही खोडं ज्या वालुकाश्मात आहेत त्याला लाठी शैलसमूह म्हणतात, जैसलमेर-पोखरण रस्त्यावर लाठी गाव आहे त्यावरून. ज्युरासिक काळात इथे उष्ण, दमट हवामान होतं, नद्या होत्या आणि घनदाट जंगल होतं. फुलझाडं तेव्हा पृथ्वीवर पसरायची होती, म्हणजे हे जंगल सूचिपर्णी आणि नेच्यांसारख्या झाडांचं. झाडं उन्मळून पडली, गाळाखाली गाडली गेली, हवा न मिळाल्याने कुजली नाहीत. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडाच्या पेशीपेशीत शिरून बसली. लाकूड गेलं, त्याचा आकार दगडात राहिला. तांबूस-पिवळा रंग आहे तो लोहाचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलाय.

गंमत पुढे आहे. जंगलानंतर इथे समुद्र शिरला. जैसलमेरचा किल्ला ज्या पिवळ्या दगडाचा आहे तो त्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक. किल्ल्यात फिरताना भिंतींकडे जवळून बघा, शिंपल्यांचे काप दिसतात. याच थरांमध्ये जैसलमेरजवळ जेठवाई गावापाशी १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या लांब मानेच्या डायनासोरचे अवशेष मिळाले. २०२३ मध्ये आयआयटी रूरकी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंडळींनी तो प्रसिद्ध केला, नाव थारोसॉरस इंडिकस. थयात गावाजवळ २०१४ मध्ये मांसाहारी डायनासोरच्या पावलाचा ठसाही सापडला होता.

आणि तुमच्या 'दगड आणि पाणी' या म्हणण्याला माझ्याकडून एक पुरावा. जैसलमेर भागातलं भूजल मुख्यतः याच लाठी वालुकाश्मात आहे. ज्या वाळूत ती झाडं गाडली गेली, तिच्याच दगडातून आज कूपनलिका पाणी उपसतात.

एक विनंती. आकलहून कृपा करून कोणी तुकडा उचलून आणू नये. "एवढासाच तर आहे" असं म्हणत म्हणत लोकांनी वेचून नेलंय बरंच.

शेंगदाणा

तुकडा नाही आणला, पण बाजारातून हाबूरच्या दगडाची वाटी आणली. दुकानदार म्हणाला यात दूध ठेवा, विरजण न लावता दही लागतं. बायको अजून हसतेय. @गारगोटी, यात काही तथ्य?

गारगोटी

हाबूर जैसलमेरच्या वायव्येचं गाव, आता कागदोपत्री पूनमनगर. तिथला दगड म्हणजे समुद्री जीवांच्या शिंपल्यांनी खच्चून भरलेला चुनखडक. घासून चकाकी आणली की तपकिरीत पिवळ्या नक्षी दिसतात, ते सगळे शिंपल्यांचे छेद. दह्याबद्दल गावातले लोक ठामपणे सांगतात आणि पूर्वापार वापरतातही. मी स्वतः म्हणेन की जैसलमेरच्या उन्हाळ्यात दूध कशातही ठेवलं तरी फाटेल नाहीतर लागेल. वाटी सुंदर असते पण, पैसे वाया गेले नाहीत तुमचे.

शेंगदाणा

हा हा, घरी हेच वाचून दाखवतो.
बरं, कुलधरा अर्ध्या तासात उरकायचं म्हणजे जरा अन्यायच झाला ताई. आमच्या गाइडने जे सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला. जैसलमेरचा दिवाण सालिम सिंह, त्याची नजर मुखियाच्या मुलीवर पडली म्हणून चौऱ्याऐंशी गावांतले पालीवाल एका रात्रीत निघून गेले आणि जाताना शाप देऊन गेले की इथे पुन्हा कोणी वसणार नाही. रात्री आवाज येतात म्हणे.

पायवाट

गाइडने आम्हालाही तेच सांगितलं, अगदी मुलीच्या वर्णनासकट. पण "एका रात्रीत"चं काय करायचं? १८१५ च्या आसपास कुलधऱ्यात दोनशेएक घरं आणि आठशेच्या घरात वस्ती असल्याची नोंद आहे. १८९० च्या सुमारासही ३७ माणसं तिथे राहत होती. म्हणजे गाव पाऊणशे वर्षं हळूहळू रिकामं होत गेलं. सालिम सिंह जुलमी होता, करांनी त्याने लोकांना पिळलं, हे खरंच. पण विहिरी आटल्या, पाणी हटलं, व्यापाराच्या वाटा बदलल्या, अशी कारणंही अभ्यासक देतात. २०१७ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी भूकंपाची शक्यता मांडली. मला विचाराल तर पाण्यानेच गाव उठवलं असणार. पाण्याचा एवढा हिशेब ठेवणाऱ्या लोकांना मुक्काम हलवायची वेळ आली तर दुसरं काय कारण असणार? भुताची गोष्ट गाइडला सोपी पडते, बाकी काही नाही.

झकास

पाण्यानेच उठवलं, याला पुरावा? सालिम सिंहाचा कर सोसवेना म्हणून उठले असं म्हणायला तेवढीच जागा आहे. खडीन करणारे लोक कमी पावसाला घाबरणारे नव्हतेच, दुष्काळ त्यांना नवा नव्हता. नवा होता तो दिवाण.

आणि वाळूला नावं ठेवू नका हो! समची गर्दी, जीपवाले, डीजे, मान्य. पण खुहडीला जाऊन सूर्य उगवायच्या आत टेकडीवर चढा. रात्रीतून गेलेल्या प्राण्यांचे माग वाळूवर छापलेले असतात. भुंगेऱ्यांची शिलाई, कोल्ह्याची रांग, जर्ड नावाच्या वाळवंटी उंदराच्या उड्या. ऊन तापेपर्यंत हे वाचत बसता येतं. दुपारी वारा सुटला की पाटी कोरी.

पायवाट

@झकास, कराचा मुद्दा बिनतोड आहे, दोन्ही मिळून झालं असेल. खुहडीचं टिपून ठेवलं. समबद्दल मात्र माघार नाही.

शिलालेख_वेडा

कुलधऱ्यात अर्धा तास घालवणाऱ्यांनी त्यातली दहा मिनिटं देवळ्यांना द्यावीत. गेलेल्या माणसाच्या नावाने उभारलेले स्मारकदगड, बहुतेकांवर घोड्यावर बसलेला पुरुष. आपल्याकडचे वीरगळ ज्यांनी पाहिलेत त्यांना ओळख पटायला वेळ लागणार नाही, फक्त वीरगळावर लढाई ते स्वर्ग अशी चढती मांडणी असते, इथे एकच चौकट. यांतल्या दोन देवळ्यांवर भट्टिक संवताचा आकडा आहे. इसवी सन ६२३ पासून मोजली जाणारी ही जैसलमेर भागाची खास कालगणना. तो आकडा सोडवला की तेराव्या शतकाचा पूर्वार्ध येतो, म्हणजे वस्ती किमान तितकी जुनी. गाइड लोक हे दगड ओलांडून पुढे जातात.

आता किराडू. तिथलं जुनं नाव किराटकूप. पाच देवळांचे अवशेष, चार शिवाची, एक विष्णूचं. सोमेश्वर त्यांत सगळ्यात मोठं आणि सगळ्यात शाबूत, अकराव्या शतकातलं. आपलं अंबरनाथचं शिवालय १०६० चं, म्हणजे शतक एकच, पण दोन्ही शिखरांची घडण अगदी निराळी. दोन्ही बघितलेल्याला फरक सांगता येईल. अंबरनाथला शिखरावर उभे पट्टे वर जातात आणि त्यांच्यामध्ये छोट्या शिखरांच्या ओळी. किराडूला मुख्य शिखराच्या अंगाला बिलगून लहान शिखरं चढत गेलीत.

तिथे जो जाईल त्याला "सूर्यास्तानंतर थांबलात तर दगड व्हाल" हे ऐकावं लागतंच. साधूचा शाप, एकट्या कुंभारणीने केलेली सेवा, तिने मागे वळून बघणं वगैरे. मला या दंतकथेपेक्षा तिथल्या शिलालेखांत जास्त रस वाटतो. एक ११५२ चा आहे. आल्हणदेव नावाचा चाहमान (चौहान) सामंत, गुजरातच्या कुमारपाल चौलुक्याच्या हाताखालचा. त्याने अष्टमी, एकादशी आणि चतुर्दशीला जीवहत्या करू नये अशी आज्ञा काढली आणि मोडणाऱ्याला दंड ठेवला. कुमारपालावर जैन आचार्यांचा प्रभाव होता, त्याचा हा दगडावरचा पुरावा. दुसरा लेख ११७८ चा. त्यात तुरुष्कांनी, म्हणजे तुर्कांनी, मोडलेल्या मूर्तीच्या जागी एका अधिकाऱ्याच्या पत्नीने नवी मूर्ती बसवल्याचं लिहिलंय. गावावर धाड येऊन गेली आणि तरी कोणीतरी पदरचे पैसे घालून देव पुन्हा उभा केला. ही गोष्ट तिथल्या पाटीवर हवी होती.

वाळूतला_मराठी

नोकरीनिमित्त बारमेरात बरीच वर्षं काढली, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. २००४ मध्ये इथे मंगला तेलक्षेत्र सापडलं आणि २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, त्या काळात बारमेर डोळ्यांदेखत बदललं. (अवांतर: इथलं कच्चं तेल इतकं मेणचट आहे की साध्या तापमानाला गोठतं. म्हणून गुजरातपर्यंतची सहाशे-सातशे किलोमीटरची नळवाहिनी सबंध गरम ठेवावी लागते.)

पाण्याबद्दल लिहितो, कारण पायवाटताईंनी खडीनपाशी विषय सोडलाय. इथले जुने लोक पाण्याचे तीन प्रकार सांगतात. पालर म्हणजे थेट पावसाचं, तळ्यात-टाक्यात साठवलेलं. पाताळ म्हणजे खोल विहिरीतलं, बहुतेक ठिकाणी खारं. आणि मधलं रेजाणी. वाळूच्या खाली काही जागी खडियाचा, म्हणजे जिप्समसारख्या मातीचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूतून उतरतं ते या थरावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही आणि वरून वाळूची दुलई असल्याने उडूनही जात नाही. ते पाणी दिसत नाही, नुसती ओल असते. ते काढायला अरुंद तोंडाची बेरी खणतात. माणूस जेमतेम आत मावेल एवढीच. भोवतालच्या वाळूतून थेंब थेंब ओल त्या पोकळीत गोळा होते. दिवसाला काही घागरी. गोड, अगदी गोड पाणी.

सीमेकडच्या गावांत अशा बेऱ्या एकाच सखल पट्ट्यात डझनांनी दिसतात. प्रत्येक घराची आपली. तोंडावर लाकडी झाकण, कधी कुलूपसुद्धा. कडेच्या लाकडावर दोरीने पडलेले खाचे बघा, बोटाचं पेर आत जाईल इतके खोल. मात्र हे लोकांचं पिण्याचं पाणी आहे, पर्यटनस्थळ नाही. विचारल्याशिवाय झाकण उघडू नका आणि चपला घालून वर चढू नका.

त्याच जिप्समने २००६ च्या ऑगस्टमध्ये काय केलं तेही सांगतो. बारमेरजवळच्या कवास भागात थोड्या दिवसांत एवढा पाऊस कोसळला की वर्षाचा कोटा कुठल्या कुठे मागे पडला. पाणी वाळूत जिरेल अशी कोणाचीही कल्पना. पण खाली जिप्सम. पाणी महिनोन् महिने हललं नाही, वाळवंटातलं गाव बुडून राहिलं. आमच्या इथल्या शेजारणीचं माहेर त्यातलं, ती अजून पावसाला घाबरते.

कुंदामावशी

किती छान लिहिताय रे सगळे. माझे गुडघे मला किराडूच्या जोत्याभोवती उकिडवं बसू देणार नाहीत, पण वाचून फेरी झाली. आम्ही मागे बसने गेलो होतो तेव्हा जोधपूर, जैसलमेर, परत, एवढंच.

मला भाजीत रस. केर सांगरी खाल्लीत की नाही? सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी बरं का. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. तिकडे तिची पानं शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना, वाळलेल्या फांद्या कुंपणाला. केर बिनपानांचं काटेरी झुडूप असतं, त्याची फळं. सांगरी विकत घ्यायची तर बारीक, सरळ, आत बी न भरलेली बघून घ्यावी. केर आधी दोन-तीन दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात ठेवावी लागतात, नाहीतर कडू. रात्री भिजवून, उकडून, तेलावर सुक्या मिरच्या आणि आमचूर. आठ दिवस टिकते, प्रवासाला उत्तम.

आणि स्वच्छतागृहांचं कोणीच लिहीत नाही, म्हणून मीच विचारते. वाटेत सोय आहे का?

पायवाट

मावशी, नमस्कार. जैसलमेर आणि बारमेर शहरांत आणि महामार्गावरच्या पंपांवर आहे. कुलधऱ्यालाही आहे. खाबा, खडीनचा भाग, किराडू इथे काही धरून चालू नका. तुमची केर सांगरी परवाच करून बघते.

माळरान

सोलापूरचा असल्यामुळे माझा जैसलमेरशी संबंध एकाच पक्ष्यामुळे. माळढोक. तिकडचं नाव गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं. लहानपणी वडिलांबरोबर तिथे माळढोक पाहिलेला मी, आणि माझ्या मुलीला तो बघायला न्यायचं तर मला जैसलमेर गाठावं लागलं. आज जगातले उरलेले बहुतेक सगळे माळढोक तिथेच आहेत आणि ती संख्याही दीडशेच्या पुढे नाही असंच अभ्यासक सांगतात.

मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, पण सगळंच वाळूचं नाही. वाळू थोडी, गवताळ माळ जास्त. सेवण गवताची ठोंबं, मध्ये खडक. आम्ही सुदासरीच्या कुंपणाच्या भागात वन विभागाची परवानगी काढून गेलो. बराच वेळ काहीच नाही. मग लांबवर गवतातून एक मान वर आली, पांढरी, डोक्यावर काळी टोपी. मुलगी म्हणाली, "बाबा, शहामृग?" मला काही बोलता येईना.

हा पक्षी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. वजन पंधरा किलोपर्यंत, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारा चुकवता येत नाहीत. आणि जैसलमेरभर पवनचक्क्या, सौर प्रकल्प आणि त्यांच्या तारा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समितीकडे गेला. सम आणि रामदेवरा इथे कृत्रिम प्रजनन केंद्रं चालू आहेत, पिल्लं वाढताहेत, एवढाच दिलासा. केंद्रं पर्यटकांसाठी नाहीत.

येताजाता वेळ असेल तर फलोदीजवळचं खीचन बघा. सप्टेंबर ते फेब्रुवारी-मार्च हजारो कुरजा येतात, करकोच्याच्या कुळातले राखाडी पक्षी, मंगोलिया आणि मध्य आशियातून. गावकरी, मुख्यतः जैन कुटुंबं, पिढ्यान् पिढ्या त्यांना दाणे घालतात. २०२५ च्या जूनमध्ये खीचनला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. सकाळी लवकर चुग्गाघरापाशी, म्हणजे दाणे घालतात त्या आवारापाशी, गच्ची मिळवा. आवाज ऐकूनच पोट भरतं. हेच ते फलोदी जिथे १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हा उन्हाळ्यात जायच्या फंदात पडू नका.

गारगोटी

जोधपूरवरून येणाऱ्यांनी मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा उद्यानही करावं. ७० हेक्टर खडक, २०११ मध्ये खुलं झालं. वेड्या बाभळीने खाल्लेला खडक मोकळा करून तिथे फक्त थरची मूळ झाडंझुडपं लावलीत. खालचा दगड ज्वालामुखीचा, सुमारे ७५ कोटी वर्षांचा. तो मालाणी खडक बारमेरच्या टेकड्यांमध्येही आहे. सह्याद्रीचा बसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे आपण त्या मानाने कालचे.

निवांत

हे सगळं वाचून बायकोने रजा टाकली. फेब्रुवारीत जातोय. पण अहमदाबाद सोडल्यावर आमच्या हातात चारच दिवस आहेत, बरोबर सात वर्षांचा मुलगा. काय गाळू? तनोट-लोंगेवाला सगळेच सांगतात.

झकास

तनोट कसं गाळणार! १९६५ च्या युद्धातले न फुटलेले तोफगोळे मंदिरात ठेवलेत, पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवान करतात. मुलाला १९७१ च्या लोंगेवालाचे रणगाडे बघायला मिळतील. सात वर्षांच्या पोराला हरभऱ्याचं शेत दाखवणार आहात का?

पायवाट

@निवांत, माझा क्रम असा. बारमेरला आलात की पहिल्या सकाळी किराडू, उन्हाच्या आत. दुपारी जैसलमेरकडे निघा आणि वाटेत आकल, उतरत्या उन्हात खोडांवरच्या रेषा उठून दिसतात. दुसऱ्या दिवशी लोद्रवा, कुलधरा, खाबा, खडीन, आणि रात्री खुहडी, म्हणजे तिसऱ्या पहाटे @झकास म्हणतात ते माग. तिसरा उरलेला दिवस किल्ल्याला. चौथा परतीचा. तनोट जैसलमेरहून जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर होतं, ते गाळा. मुलाचं म्हणाल तर आमच्याबरोबर नऊ वर्षांची भाची होती. रणगाडे तिने आधी टीव्हीवर पाहिले होते. हरभऱ्याचे डहाळे मात्र तिने गाडीत बसून सगळे संपवले, आम्हाला चार दाणे मिळाले.

वाळूतला_मराठी

क्रम चांगला आहे. किराडूला जाताना ओळखपत्रं सगळ्यांची बरोबर ठेवा, तो रस्ता पुढे सीमेकडे जातो, तपासणी होऊ शकते. मॅपने दाखवलेला आडवाटेचा शॉर्टकट घेऊ नका, डांबर संपून वाळू कधी सुरू होते कळत नाही. टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, गाई-उंट रस्त्यावरच बसतात, रस्ता रात्री उबदार असतो ना. आणि फेब्रुवारीतही पहाटे थंडी असते, मुलाची कानटोपी घ्या.

निवांत

तनोट गाळलं. @झकास, रागावू नका. कुंदामावशी, बी न भरलेली सांगरी तुमच्यासाठी किती आणू?

कुंदामावशी

पाव किलो पुरे. केर पण आण थोडी, लहान दाण्याची.